तार कुठल्या घरापर्यंत पोचली?

गेल्या अंकात अमेरिकेतल्या १९२० ते १९३० या दशकावर मी लिहिलं आणि टपालाचा ढीग आला. मी अठ्ठावीस वर्षं डेट्रॉइटजवळच्या एका सार्वजनिक वाचनालयात स्थानिक इतिहासाचा विभाग सांभाळला. जुन्या वर्तमानपत्रांच्या मायक्रोफिल्म, नकाशे, लोकांनी आणून दिलेले फोटो आणि वह्या, यांत माझा दिवस जायचा. त्यामुळे माझी उत्तरं मिशिगनच्या खिडकीतून पाहिलेली आहेत, एवढं आधी सांगते.

प्रश्न : ताई, वीज, मोटार, टेलिफोन, सिनेमा हे सगळे शोध १९०० च्या आधीचे. मग १९२० च्या दशकालाच बदलाचं दशक का म्हणतात? परीक्षेत काय लिहू? (बी. ए.ची एक विद्यार्थिनी)

परीक्षेत एवढं नक्की लिही की शोध लागतो एका वर्षी आणि तो घरात येतो कित्येक वर्षांनी. १९२० मध्ये अमेरिकेतल्या साधारण ३५ टक्के घरांत वीज होती, १९३० पर्यंत ती ६८ टक्क्यांच्या आसपास गेली. १९२० च्याच जनगणनेत पहिल्यांदा निम्म्याहून जास्त लोक शहरांत आणि गावठाणांत राहताना आढळले. २,५०० वस्तीच्या गावालाही तेव्हा शहरी धरत, हे विसरू नकोस.

पण तुला आकड्यांपेक्षा एक घर दाखवते. माझ्या शेजारच्या आजी १९१४ साली जन्मलेल्या. मिशिगनचा नकाशा हाताच्या पंजासारखा दिसतो, त्यातल्या अंगठ्याच्या भागात त्यांच्या वडिलांची शेती होती. घेवडा आणि साखरेचं बीट. त्यांची मावशी डेट्रॉइटला राहायची. मावशीकडे बटण दाबलं की दिवा, भिंतीत तार खोचली की इस्त्री गरम. आजींच्या आईचा सोमवार मात्र पहाटेच पंपाचा दांडा हापसण्यापासून सुरू व्हायचा. पाणी लाकडाच्या चुलीवर तापवायचं, खाचांच्या फळीवर कपडे घासायचे, मग पिळण्याच्या रुळातून एकेक कपडा काढायचा. मंगळवारी इस्त्री. लोखंडाच्या दोन इस्त्र्या आळीपाळीनं चुलीवर ठेवायच्या, म्हणजे ऐन जुलैतही चूल पेटलेलीच. आणि रोज संध्याकाळी दिव्यांच्या काचा पुसून, वाती कातरून, रॉकेल भरायचं. हे काम लहान हातांचं, कारण मोठा हात काचेत जात नसे. आजी मला बोटं दाखवून म्हणायच्या, "शाळेत माझ्या नखांत काजळी असायची."

दोन बहिणी, दोघींत फार तर शंभर मैलांचं अंतर, साल एकच. १९३० मध्येसुद्धा अमेरिकेतल्या दहा शेतघरांपैकी जेमतेम एका घरात वीज होती. मैलामागे दोन-तीनच गिऱ्हाईकं मिळणार म्हणून वीज कंपन्या तिकडे खांब रोवायला तयार नव्हत्या. बाई, मी इतकी वर्षं त्या दशकाचे कागद चाळले, आणि कुठलीही नवी वस्तू दिसली की मला पहिल्यांदा हेच विचारावंसं वाटतं : तार कुठल्या घरापर्यंत पोचली आणि कुठल्या घराच्या अलीकडे थांबली?

रेडिओनं मात्र ही वेस ओलांडली. २ नोव्हेंबर १९२० च्या रात्री पिट्सबर्गच्या केडीकेए केंद्रानं अध्यक्षीय निवडणुकीचे निकाल हवेतून सांगितले. हार्डिंग जिंकले ही बातमी काही लोकांनी वर्तमानपत्र हातात येण्याआधीच ऐकली. दहा वर्षांनी जनगणनेच्या अर्जात "घरात रेडिओ आहे का?" असा प्रश्नच छापला गेला आणि साधारण ४० टक्के घरांनी "हो" म्हटलं. शेतावर रेडिओ बॅटरीवर चाले. आजींचे वडील मोटारीची बॅटरी काढून रेडिओला जोडायचे, उतरली की गावातल्या गॅरेजात चार्ज करून आणायचे. पहिल्या संचाला कर्णा नव्हता, नुसते कानाला लावायचे हेडफोन होते. ते चिनी मातीच्या मोठ्या वाडग्यात ठेवायचे म्हणजे आवाज घुमतो, आणि सगळं घर त्या वाडग्याभोवती डोकी जवळ आणून बसायचं. आधी बाजारभाव, मग हवामान, आणि बॅटरीत जीव उरला तर गाणी.

प्रश्न : मी बँकेतून निवृत्त झालो. साध्या कामगाराला मोटार परवडली ती फक्त फोर्डनं किंमत उतरवल्यामुळे का? (एक वाचक)

किंमत उतरली हे खरंच. १९०८ मध्ये मॉडेल टी ८५० डॉलरला होती, १९२५ च्या सुमाराला तिचे साधे प्रकार ३०० डॉलरच्या आत मिळू लागले. १९१३ मध्ये हायलंड पार्कच्या कारखान्यात सरकती जुळणी, म्हणजे गाडी पुढे सरकते आणि कामगार जागेवरच, सुरू झाली आणि ज्या सांगाड्याला बारा तासांहून जास्त लागत, तो ९३ मिनिटांत तयार होऊ लागला. त्या कामाला माणसं टिकेनात, म्हणून जानेवारी १९१४ मध्ये दिवसाला ५ डॉलरची मजुरी जाहीर झाली. ती पूर्ण मिळवायची तर कंपनीचा तपासनीस घरी येऊन स्वच्छता, बचत, दारूचं प्रमाण पाहून जायचा.

पण तुमच्या बँकेच्या नजरेला भावेल ती गोष्ट वेगळीच आहे. हेन्री फोर्डना उधारी पसंत नव्हती. १९२३ मध्ये त्यांनी योजना काढली : दर आठवड्याला ५ डॉलर भरत राहा, पूर्ण रक्कम साठली की गाडी घेऊन जा. लोकांना ती फारशी रुचली नाही, कारण जनरल मोटर्सनं १९१९ मध्येच स्वतःची कर्ज देणारी कंपनी काढली होती. तिथं किमतीचा तिसरा हिस्सा भरला की गाडी आजच दारात, उरलेले पैसे वर्षभर हप्त्यांनी. दशकाच्या अखेरीला निम्म्याहून जास्त मोटारी हप्त्यांवर विकल्या जात होत्या. धुण्याची यंत्रं, रेडिओ, पियानो, व्हॅक्यूम क्लीनर, सगळं त्याच वाटेनं आलं. मायक्रोफिल्मवर मी वर्षामागून वर्ष जाहिराती पाहिल्या. दशकाच्या सुरुवातीला पूर्ण किंमत ठळक टाइपात असते. पुढे पुढे तो ठळक टाइप पहिल्या हप्त्याला मिळतो आणि पूर्ण किंमत तळाशी बारीक अक्षरांत जाते. काही जाहिरातींत तर ती नसतेच.

यातला करार कडक होता. हप्ता चुकला की वस्तू उचलून नेत आणि तोवर भरलेलं सगळं बुडे. म्हणून मंदीची नुसती चाहूल लागली तरी घरं आधी नवी खरेदी थांबवत आणि पोटाला चिमटा घेऊन हप्ता भरत. १९३० साली दुकानं इतक्या झपाट्यानं ओस पडली त्यामागे हेही एक कारण होतं असं मला वाटतं.

मे १९२७ मध्ये दीड कोटीवी मॉडेल टी बाहेर पडली आणि मग ती बंदच झाली. नवी मॉडेल ए डिसेंबरात आली. मधले महिने हजारो कामगार घरी बसले होते.

प्रश्न : इतक्या गाड्या अचानक रस्त्यावर आल्या, तर अपघात झाले नाहीत का?

फार झाले. १९२० मध्ये नोंदलेल्या खासगी मोटारी ८० लाखांच्या घरात होत्या, १९२९ मध्ये २ कोटी ३० लाख. त्या दहा वर्षांत वाहनांच्या अपघातांत दोन लाखांच्या आसपास माणसं गेली. त्यात रस्त्यावर खेळणारी मुलं खूप होती, कारण तोवर रस्ता हेच त्यांचं अंगण होतं. त्या काळच्या वर्तमानपत्रांतल्या त्या छोट्या चौकटी वाचताना मी कित्येकदा यंत्र बंद करून खिडकीशी जाऊन उभी राहिले आहे.

लाल, पिवळा, हिरवा असा चारी दिशांना दिसणारा दिवा १९२० मध्ये डेट्रॉइटमध्येच लागला. विल्यम पॉट्स नावाच्या पोलिसानं रेल्वेच्या सिग्नलवरून तो जुळवला. हे काम भलं झालं.

दुसरं एक काम तितकंच वाईट झालं. इंजिनाचा ठोका थांबवायला पेट्रोलमध्ये शिसं घालायचं, हे थॉमस मिजली यांनी १९२१ मध्ये डेटन इथल्या प्रयोगशाळेत शोधलं. ऑक्टोबर १९२४ मध्ये न्यू जर्सीतल्या कारखान्यात ते बनवणारे पाच कामगार भ्रमिष्ट होऊन मेले. ॲलिस हॅमिल्टन या डॉक्टरबाईंनी जाहीर सभेत स्पष्ट विरोध केला. विक्री काही महिने थांबली आणि १९२६ मध्ये पुन्हा सुरू झाली. अमेरिकेतल्या रस्त्यावरच्या गाड्यांसाठी शिशाच्या पेट्रोलवर पूर्ण बंदी यायला १९९६ साल उजाडलं. तोवर किती मुलांच्या रक्तात ते गेलं असेल! याचा मला आजही संताप येतो.

प्रश्न : केस कापलेल्या, आखूड झग्यातल्या मुलींचे फोटो पाहते. त्या काळात अमेरिकी बायका खरंच मोकळ्या झाल्या का? (एक गृहिणी)

काही अर्थानं झाल्या. बायकांना मताचा हक्क देणाऱ्या एकोणिसाव्या घटनादुरुस्तीला मंजुरीसाठी छत्तिसावं राज्य हवं होतं आणि ऑगस्ट १९२० मध्ये सगळं टेनेसीवर येऊन अडलं. तिथल्या विधानसभेत हॅरी बर्न हा चोवीस वर्षांचा सदस्य कोटाला लाल गुलाब, म्हणजे विरोधाची खूण, लावून बसला होता. खिशात आईचं पत्र होतं. बायकांच्या बाजूनं मत दे असं तिनं कळवलं होतं. त्यानं "हो" म्हटलं आणि ठराव तरला. दुसऱ्या दिवशी त्यानं सभागृहात सांगितलं की आईचा सल्ला ऐकणं हे मुलाच्या हिताचंच असतं.

पण दक्षिणेतल्या कृष्णवर्णीय बायकांना मतदानकर आणि साक्षरतेच्या परीक्षा आडव्या आल्या, आणि ती भिंत पडायला १९६५ चा मतदान हक्क कायदा लागला. १९२१ मध्ये आई आणि तान्ह्या मुलांच्या आरोग्यासाठी शेपर्ड-टाउनर कायदा आला, गावोगाव परिचारिका फिरू लागल्या. १९२९ मध्ये त्याचा पैसा संपू दिला गेला. फोटोतल्या मुली शहरातल्या, टंकलेखक किंवा टेलिफोन ऑपरेटर. लग्न झालं की त्यांतल्या कित्येकींना नोकरी सोडावी लागे. आणि नागरिकत्वाची एक मेख होती, ती पुढे सांगते.

प्रश्न : दारूबंदीत दारू पिणं गुन्हा होता का?

नाही. बनवणं, विकणं, नेणं-आणणं गुन्हा होता. जानेवारी १९२० ते डिसेंबर १९३३ ही बंदी होती. डॉक्टरच्या चिठ्ठीवर व्हिस्की मिळायची. डेट्रॉइटला नदीपलीकडेच कॅनडातलं विंडसर दिसतं. उन्हाळ्यात होड्यांतून, आणि नदी गोठली की बर्फावरून थेट मोटारी हाकत माल यायचा.

प्रश्न : कारखान्यांत दक्षिणेतून आलेल्या कृष्णवर्णीयांना काम मिळालं असं तुम्ही लिहिलंत. मग त्यांचं बरं चाललं असेल ना?

काम मिळालं, घर मिळालं नाही. १९१० मध्ये डेट्रॉइटमध्ये सहा हजारांहून कमी कृष्णवर्णीय होते, १९३० मध्ये १ लाख २० हजार. फोर्डनं इतर कारखान्यांपेक्षा त्यांना जास्त घेतलं, पण पुष्कळांच्या वाट्याला भट्टीचं, ओतकामाचं काम आलं.

१९२५ मध्ये डॉ. ऑसियन स्वीट यांनी गारलंड ॲव्हेन्यूवर १८,५०० डॉलरला घर घेतलं. वस्ती गोऱ्यांची. सप्टेंबरात ते राहायला आले आणि शेकडो लोक घराभोवती जमले. दुसऱ्या रात्री दगड पडू लागले, आतून गोळी सुटली, बाहेरचा एक माणूस मेला. घरातल्या अकराही जणांवर खुनाचा खटला झाला. वकील क्लॅरेन्स डॅरो होते. पहिल्या खटल्यात ज्यूरीचं एकमत झालं नाही, दुसऱ्यात धाकटा भाऊ हेन्री निर्दोष सुटला आणि पुढे बाकीच्यांवरचे आरोप मागे घेतले गेले. पण संसार मात्र उद्ध्वस्त झाला. त्यांची तान्ही मुलगी १९२६ मध्ये गेली, पत्नी ग्लॅडिस १९२८ मध्ये क्षयानं गेल्या.

मी ते घर पाहून आले. कोपऱ्यावरचं विटांचं दुमजली घर आहे. समोरच्या पदपथावर उभं राहिलं की कळतं, घर आणि गर्दी यांत किती थोडी पावलं होती.

प्रश्न : त्या काळात तिथं आपले लोक होते का? त्यांना कसं वागवलं?

ही पत्रं सगळ्यांत जास्त आली. होते, थोडे होते. आणि नेमक्या याच दशकात त्यांच्यासाठी दार बंद झालं.

भगतसिंग थिंद हे पंजाबातून १९१३ मध्ये गेलेले. ओरेगनमधल्या लाकडाच्या गिरण्यांत राबले, पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैन्यात भरती झाले. तेव्हाच्या कायद्यानं नागरिकत्व "गोऱ्या" आणि आफ्रिकी वंशाच्या लोकांनाच मिळे. नोव्हेंबर १९२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ओझावा या जपानी गृहस्थांना सांगितलं की गोरा म्हणजे कॉकेशियन (तेव्हाच्या वंशशास्त्रातला एक गट), आणि तुम्ही ते नाही. थिंद यांच्या वकिलांनी म्हटलं, ठीक, वंशशास्त्राच्या पुस्तकांप्रमाणे आम्ही कॉकेशियन आहोत. १९ फेब्रुवारी १९२३ ला त्याच न्यायालयानं, त्याच न्यायमूर्ती सदरलंड यांच्या लेखणीतून सांगितलं की पुस्तकं काही म्हणोत, सामान्य माणूस तुम्हाला गोरा समजत नाही. सदरलंड स्वतः इंग्लंडमध्ये जन्मलेले होते. निकालाची ही दोन पानं मी शेजारी शेजारी ठेवून वाचली आहेत. तीन महिन्यांत मोजपट्टीच बदलली!

निकालानंतर सरकारनं आधी दिलेली नागरिकत्वंही परत घ्यायला सुरुवात केली. वैष्णोदास बगाई सॅन फ्रान्सिस्कोत दुकान चालवायचे. १९१५ मध्ये पत्नी कला आणि तीन मुलांना घेऊन आलेले. नागरिकत्व गेलं आणि कॅलिफोर्नियाच्या जमीन कायद्यामुळे मालमत्ताही ठेवता येईना. मायदेशी भेटीला जायला अमेरिकी पासपोर्ट मिळेना, ब्रिटिश पासपोर्ट घ्यायला त्यांचं मन तयार होईना. १९२८ मध्ये त्यांनी जीव दिला. मागे वर्तमानपत्रासाठी पत्र ठेवलं होतं. कलाबाईंनी एकटीनं मुलं वाढवली. आल्या आल्या बर्कलीत शेजाऱ्यांनी त्यांना स्वतः घेतलेल्या घरात पाऊल ठेवू दिलं नव्हतं. आज त्याच बर्कलीत एका रस्त्याला कला बगाई यांचं नाव आहे.

आणि सखाराम गणेश पंडित! हे नाव जुन्या कागदांत पहिल्यांदा दिसलं तेव्हा मी ते मोठ्यानं वाचलं होतं. कॅलिफोर्नियातले वकील, थिंद यांच्या बाजूच्या वकिलांपैकी एक. सरकारनं त्यांचंही नागरिकत्व काढायला दावा लावला. ते स्वतःसाठी उभे राहिले. त्यांचं म्हणणं असं : १९१४ मध्ये तुमच्याच न्यायालयानं मला नागरिक केलं, त्या भरवशावर मी वकिली सुरू केली, घर केलं, इथल्या स्त्रीशी लग्न केलं, मागचं सगळं सोडलं, आता ते उलटवता येणार नाही. मघाशी म्हटलेली मेख इथं येते. १९२२ च्या केबल कायद्यानं बायकांना स्वतंत्र नागरिकत्व दिलं, पण नागरिकत्वाला "अपात्र" परदेशी माणसाशी लग्न केलेलीचं मात्र जायचं. म्हणजे नवऱ्याबरोबर बायकोही देशहीन होणार. १९२६ मध्ये अपील न्यायालयानं पंडितांच्या बाजूनं निकाल दिला, सर्वोच्च न्यायालयानं त्यात हात घातला नाही, आणि सरकारला असे इतर दावे सोडून द्यावे लागले.

थिंद यांना १९३६ मध्ये, माजी सैनिक म्हणून, नागरिकत्व मिळालं. बाकीच्यांसाठी १९४६ उजाडलं, आणि तेव्हाही भारतातून नव्यानं येणाऱ्यांना वर्षाला शंभरांचाच कोटा होता.

मी स्वतः डेट्रॉइटच्या कोर्टात हात वर करून शपथ घेतली तेव्हा माझ्या पर्समध्ये पंडितांच्या निकालाची झेरॉक्स होती.

प्रश्न : १९२९ मध्ये शेअर बाजार कोसळला आणि सगळे एका दिवसात भिकेला लागले, हे खरं का? (बँकेतलेच ते वाचक)

बाजार कोसळला हे खरं. ३ सप्टेंबरला शेअरचे भाव मोजणारा डाऊ निर्देशांक ३८१ वर होता, २८ आणि २९ ऑक्टोबर या दोन दिवसांत जवळजवळ चौथा हिस्सा उडाला आणि जुलै १९३२ मध्ये तो ४१ वर आला. पण बहुतेक घरांकडे शेअर नव्हतेच. आणि शेतकऱ्यांची मंदी तर १९२० मध्येच सुरू झाली होती. महायुद्धात युरोपला धान्य हवं होतं, म्हणून लोकांनी कर्ज काढून जमिनी घेतल्या. युद्ध संपलं, भाव निम्म्यावर आले, कर्ज तेवढंच राहिलं. १९२१ ते १९२९ या भरभराटीच्या म्हणवल्या जाणाऱ्या वर्षांत ५,००० हून जास्त बँका बुडाल्या, पुष्कळशा खेड्यांतल्या छोट्या. ठेवींना सरकारी विमा आला तो १९३४ मध्ये.

शेजारच्या आजींच्या वडिलांची बँक १९२६ सालीच बंद झाली होती. आजींनी मला पासबुक दाखवलं. कापडी बांधणी, कोपरे झिजलेले, शेवटची नोंद २१२ डॉलर आणि काही सेंट. त्या पैशांतून धुण्याचं यंत्र घ्यायचं ठरलं होतं, पेट्रोलवर चालणारं. बँकेच्या दाराला कागद लागला त्या दिवशी वडील घरी आले, मोटारीतली बॅटरी काढून रेडिओला लावली आणि नेहमीसारखे घेवड्याचे भाव ऐकत बसले. आई उठून पाणी हापसायला गेली, कारण तो दिवस सोमवार होता.